सतराव्या शतकातील इंग्रजी बातम्यांची भाषा: पीएच.डी.च्या नोंदणीपासून मौखिकीपर्यंत

मार्च २०२५ मध्ये माझी पीएच.डी.ची मौखिकी झाली आणि मे महिन्यात विद्यापीठाची अधिसूचना हाती आली. १६२० ते १६७३ या काळात इंग्रजीत छापल्या गेलेल्या बातम्यांची भाषा हा माझ्या प्रबंधाचा विषय होता. त्यानंतर ओळखीच्या प्राध्यापकांनी आणि नुकत्याच पेट (पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा) उत्तीर्ण झालेल्या काही विद्यार्थ्यांनी जवळजवळ तेच प्रश्न विचारले. इतकी जुनी साधने इथे बसून मिळतात का, लंडनला जावेच लागते का, खर्च किती येतो आणि आपल्याकडच्या समितीला असा विषय पटतो का? प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा सगळे क्रमाने लिहून ठेवावे असे वाटले. मी पश्चिम महाराष्ट्रातील एका अनुदानित महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. त्यामुळे रजा, ना-हरकत प्रमाणपत्र आणि कर्ज यांविषयीचा भाग नोकरी सांभाळून संशोधन करणाऱ्यांना अधिक उपयोगी पडेल.

पेट मी २०१८ मध्ये दिली. मार्गदर्शक मिळण्यातच काही महिने गेले, कारण भाषाविज्ञान आणि जुने इंग्रजी गद्य या दोन्हींची आवड असलेले मार्गदर्शक थोडे आणि त्यांच्याकडील जागा भरलेल्या. ज्या सरांनी होकार दिला त्यांनी पहिल्याच भेटीत अट घातली की वृत्तपत्रांचा इतिहास पुन्हा लिहायचा नाही. बातमीचे वाक्य कसे बांधले जाते, एवढेच पाहायचे. त्या वेळी ही अट जाचक वाटली. पुढे प्रत्येक प्रकरणात, भरकटण्याची वेळ आली की, तिनेच मला मार्गावर आणले.

संशोधन मान्यता समितीची बैठक फेब्रुवारी २०१९ मध्ये झाली. तिथे दहा मिनिटे बोलायचे असते आणि समोरचे सदस्य त्या दिवशी तुमच्यासारखी अनेक सादरीकरणे ऐकून थकलेले असतात. मी सोबत एकाच पानाची छायाप्रत नेली होती: २ डिसेंबर १६२० या तारखेचे, ॲमस्टरडॅममध्ये छापलेले वृत्तपत्रक. इंग्रजी भाषेतील आज हाती असलेले हे सर्वांत जुने असे पत्रक मानले जाते आणि त्या जातीच्या पत्रकांना कोरांटो म्हणत. त्याला शीर्षक नाही. मजकूर थेट सुरू होतो तो 'द न्यू टायडिंग्ज आउट ऑफ इटली आर नॉट येट कम' या वाक्याने, म्हणजे इटलीहून नव्या खबरा अजून आलेल्याच नाहीत. इंग्रजीतील छापील बातमीची सुरुवात बातमी न आल्याच्या बातमीने होते हे ऐकून समितीतील एक ज्येष्ठ सदस्य मनापासून हसले आणि माझा आवाज जरा स्थिर झाला. पत्रकाच्या तळाशी मुद्रक जॉर्ज व्हेसेलर आणि विक्रेता पेट्रस केरियस यांची नावे आहेत, केरियसच्या दुकानाची खूण 'अनिश्चित काळ' अशी दिली आहे, आणि 'डिसेंबर' या शब्दात एक अक्षरगट चुकून दोनदा बसला आहे. इतके बोलके पान हातात असले की विषयाचे महत्त्व वेगळे पटवून द्यावे लागत नाही. समितीसमोर जाताना आपल्या साधनाचा एक खरा नमुना प्रत्येक सदस्याच्या हातात पडेल इतक्या प्रती न्याव्यात, ही माझी पहिली सूचना.

प्रश्न दोनच आले: साधने कुठे आहेत, आणि यात नवे काय? पहिल्याचे उत्तर मी लेखी नेले होते, म्हणून निभावले. शीर्षकातील 'वृत्तपत्र' हा शब्द काढून 'छापील बातमी' असा बदल सुचवला गेला. तो योग्यच होता, कारण माझ्या काळातील बहुतेक साहित्य म्हणजे आज ज्याला आपण वृत्तपत्र म्हणतो ते नव्हेच. मान्यतेचे पत्र मात्र लवकर मिळाले नाही. फाइल कोणत्या टेबलावर आहे हे विचारण्यासाठी उन्हाळ्याच्या सुट्टीत हेलपाटे घातले. पत्र आले तेव्हा पावसाळा सुरू झाला होता. बैठकीच्या दिवशीच इतिवृत्ताचा क्रमांक आणि दिनांक टिपून ठेवावा, पुढील प्रत्येक अर्जात तो लागतो. वार्षिक शुल्क सात-आठ हजार रुपयांच्या घरात होते, शिवाय कोर्सवर्कचे वेगळे.

कोर्सवर्क करता करता मी कायद्याचा इतिहास वाचला, आणि तो वाचल्यावाचून भाषेचा अभ्यास सुरूच होत नाही हे ध्यानात आले. १६२१ मध्ये थॉमस आर्चर या पुस्तकविक्रेत्याला कोरांटो छापल्याबद्दल तुरुंगात जावे लागले. १६२२ पासून नथॅनिएल बटर आणि निकोलस बोर्न या लंडनच्या प्रकाशकांच्या बातम्यांच्या पुस्तिका बऱ्याच नियमितपणे निघू लागल्या, पण त्यांत इंग्लंडची बातमी जवळजवळ नसेच. असे ती युरोपातील युद्धाची. १६३२ मध्ये त्यांवरही बंदी आली, १६३८ मध्ये ती उठली. १६४१ मध्ये छपाईवर नियंत्रण ठेवणारे स्टार चेंबर हे न्यायालय बरखास्त झाले, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबर अखेरीस पार्लमेंटच्या कामकाजाची पहिली साप्ताहिक वृत्तपुस्तिका बाजारात आली. याचा माझ्या कामावरील परिणाम असा की १६४१ च्या आधीचा मजकूर बहुतांशी डच आणि जर्मन बातम्यांचा अनुवाद आहे आणि नंतरचा मूळ इंग्रजीत लिहिलेला आहे. दोन्हींची आकडेवारी शेजारी शेजारी मांडून 'भाषा बदलली' असे म्हणता येत नाही, कारण बदल अनुवादामुळे दिसतो की काळामुळे, हे सांगणे अवघड असते. सरांनी म्हणूनच साधनांचे तीन गट पाडायला लावले: अनुवादित कोरांटो, राजा आणि पार्लमेंट यांच्यातील यादवी युद्धाच्या काळातील वृत्तपुस्तिका आणि १६६५ नंतरचे लंडन गॅझेट हे सरकारी वृत्तपत्र.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. या काळाविषयी तक्रारीच्या सुरात लिहिणे मला जमणार नाही, कारण घरबसल्या काय काय मिळते हे मी त्याच महिन्यांत शोधले. जुन्या इंग्रजी पुस्तकांची संहिता हाताने टंकित करून देणारा ईबो-टीसीपी हा मोठा प्रकल्प आहे. त्याचा सुमारे २५,००० पुस्तकांचा पहिला भाग २०१५ मध्ये सर्वांसाठी खुला झाला होता आणि दुसरा भाग नेमका २०२० मध्ये खुला झाला. मात्र त्यावर फार भिस्त ठेवू नये. मालिकेच्या स्वरूपात निघणाऱ्या वृत्तपुस्तिका त्यात फार थोड्या आहेत. लँकेस्टर विद्यापीठाने डिसेंबर १६५३ ते मे १६५४ या काळातील वृत्तपुस्तिकांचा कॉर्पस, म्हणजे संगणकावर शोधता येईल असा मजकुराचा संग्रह, तयार केलेला आहे, आणि झ्युरिकचा इंग्रजी वृत्तपत्रांचा कॉर्पस १६६१ पासून १७९१ पर्यंतच्या सुमारे १६ लाख शब्दांचा आहे. लंडन गॅझेटचे जुने अंक त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. पानांच्या प्रतिमा असलेले सशुल्क संग्रह आमच्या महाविद्यालयाकडे नव्हते. त्यासाठी ज्या मोठ्या विद्यापीठांकडे वर्गणी आहे तिथल्या ग्रंथपालांना महाविद्यालयाच्या पत्रासह विनंती केली, आणि टाळेबंदी उठल्यावर तिथे बसून पाने उतरवून घेतली. ग्रंथपालांना नेमका अंक आणि पृष्ठ कळवले तर ते आपणहून मदत करतात. 'सतराव्या शतकातील काही साहित्य' असे मोघम लिहिले तर उत्तर येत नाही.

प्रतिमा मिळाल्या तरी त्यांतून शब्द मिळवणे हे वेगळेच काम होते. त्या काळच्या छपाईत शब्दाच्या आरंभी आणि मध्ये लांब एस वापरत, आणि तो थेट एफसारखा दिसतो. त्यामुळे संगणकाला पान वाचायला दिले की 'सेड' चे 'फेड' होते, 'हाउस' चे 'हाउफ' होते आणि सैनिकांच्या तुकड्या, म्हणजे 'सोल्जर्स', निमूटपणे 'फोल्जर्स' होऊन चालू लागतात. यू आणि व्ही, आय आणि जे यांची अदलाबदल असते. मुद्रकाकडचे डब्ल्यूचे खिळे संपले की तो दोन व्ही शेजारी शेजारी लावतो. जुन्या गॉथिक वळणाची अक्षरे असतील तर यंत्राने हात टेकलेच म्हणून समजा. शेवटी मी बहुतेक मजकूर हातानेच टंकित केला. रात्री जेवणानंतर दोन पाने, सुट्टीच्या दिवशी थोडी जास्त, असा क्रम ठेवला. स्पेलिंग मूळ आहे तसे एका फाइलमध्ये आणि आधुनिक केलेले दुसरीत, अशा दोन प्रती पहिल्या दिवसापासून ठेवाव्यात. व्हार्ड नावाचे विनामूल्य साधन स्पेलिंग आधुनिक करण्यात मदत करते आणि अँटकाँक या दुसऱ्या साधनाने शब्द व त्यांच्या शेजारी येणारे शब्द शोधता येतात. दोन्हींसाठी साधा लॅपटॉप पुरतो.

आता ज्या एका परिच्छेदाने प्रबंधाला दिशा दिली त्याविषयी. ८ नोव्हेंबर १६२० रोजी प्रागजवळच्या पांढऱ्या टेकडीवर बोहेमियाचा राजा फ्रेडरिक हरला आणि पळाला. तो इंग्लंडच्या राजाचा जावई, म्हणून लंडनमध्ये या बातमीची विलक्षण ओढ. वर उल्लेखिलेल्या २ डिसेंबरच्या पत्रकात या लढाईविषयी जे छापले आहे त्याचा आशय असा: न्यूरेंबर्गहून आलेल्या पत्रांत उल्लेख आहे की तिथल्या लोकांना बोहेमियाच्या सरहद्दीवरून खबर मिळाली की प्रागजवळ राजा आणि बव्हेरियाचा ड्यूक यांच्यात फार मोठी लढाई झाली आणि दोन्हीकडचे हजारो लोक पडले, पण ड्यूकची माणसे प्रागच्या आत असावीत, हे अजून अनिश्चित आहे. लढाई होऊन तीन आठवडे उलटले आहेत, राजाचे राज्य गेले आहे, आणि वाचकाला मिळते ती सरहद्द, न्यूरेंबर्ग आणि ॲमस्टरडॅम अशा तीन ठिकाणांहून गाळून आलेली शंका. वाक्यातील मुख्य क्रियापद पत्राचे आहे. लढाई त्याच्या पोटात, दोन 'की' ओलांडल्यावर येते. आणि शेवटी 'शुड हॅव' अशी क्रियापदाची रचना आहे, जी 'असायला हवे' असे काही सांगत नाही. आपल्या 'म्हणे' सारखी ती जबाबदारी दुसऱ्यावर टाकते.

हे वाचल्यावर मी मोजायचे काय ते ठरवले. बातमी खरी की खोटी हा प्रश्न बाजूला ठेवून, प्रत्येक बातमीत ती कशी पोहोचली याचा उल्लेख कुठे येतो, किती पायऱ्यांचा असतो आणि लेखक स्वतःची जामीनकी किती देतो, एवढेच तपासायचे. 'अमुक ठिकाणच्या अमुक तारखेच्या पत्रांवरून', 'आम्हांस कळते', 'असे बोलले जाते', 'याला दुजोरा मिळाला आहे' अशा प्रयोगांना खुणा लावत गेले. प्रथम वाचून खुणांची यादी तयार करावी आणि मगच संगणकाला मोजायला लावावे. उलट क्रमाने गेले तर संगणक फक्त आपल्याला आधीच ठाऊक असलेले शब्द शोधून देतो, आणि 'शुड' सारखी रचना हातातून निसटते. खुणा लावण्याचे काम २०२१ आणि २०२२ अशी दोन वर्षे चालले, आणि दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल भरताना 'वाचन सुरू आहे' यापेक्षा वेगळे काय लिहावे, हा प्रश्न दरवेळी पडे. अहवालात पूर्ण झालेल्या अंकांची यादी जोडू लागले, तेव्हापासून कोणी शंका काढली नाही.

तारखांचा गुंता याच काळात सोडवावा लागला आणि त्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण या काळावर काम करणाऱ्या प्रत्येकाला तो आडवा येतो. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद आपण ३० जानेवारी १६४९ ला झाला असे म्हणतो, पण त्या आठवड्याच्या वृत्तपुस्तिकांवर १६४८ छापलेले असते. त्याशिवाय युरोपच्या बऱ्याच भागात नवे, म्हणजे ग्रेगोरियन, पंचांग चालू होते आणि इंग्लंड त्याच्या दहा दिवस मागे होते. ॲमस्टरडॅमहून निघालेल्या पत्राची तारीख आणि लंडनमधील छपाईची तारीख यांची सरळ वजाबाकी केली तर बातमी निघण्याआधीच पोहोचली असे उत्तर येऊ शकते. माझ्या तक्त्यात मी छापलेली तारीख, पंचांग, आधुनिक तारीख आणि वार असे चार स्तंभ ठेवले. वाराचा स्तंभ सर्वांत उपयोगी ठरला.

त्याचे उदाहरण आपल्या मराठी वाचकांच्या जिव्हाळ्याचे आहे. लंडन गॅझेटमध्ये शिवाजी महाराजांविषयी आलेली बातमी अलीकडे बऱ्याच जणांनी वाचली असेल. तीत त्यांचे नाव 'सेवागी' असे छापले आहे, 'हिंदुस्थानातील बंडखोर' असा उल्लेख आहे, आणि त्यांनी मोगलांना अनेक लढायांत हरवले असून ते त्या मुलखाचे जवळजवळ धनी झाले आहेत, असे म्हटले आहे. या बातमीची तारीख २० फेब्रुवारी १६७२ अशी दिली जाते. आता गॅझेट त्या काळी सोमवारी आणि गुरुवारी निघे. जुन्या पंचांगाने २० फेब्रुवारी १६७२ रोजी मंगळवार पडतो आणि १६७३ मध्ये त्याच तारखेला गुरुवार येतो. फेब्रुवारी हा महिना २५ मार्चच्या आधीचा, म्हणजे छापलेले १६७२ हे आपल्या गणनेने १६७३ होते, आणि वारही जुळतो. म्हणून प्रबंधात मी १६७२/७३ असे लिहिले आणि माझ्या अभ्यासाची शेवटची सीमाही तिथेच आखली. शिवाय ही बातमी नमुना म्हणूनही उत्तम आहे. 'बंडखोर' हा शब्द गॅझेटच्या लेखकाचा की ज्यांचा व्यापार अडला त्यांच्या पत्रांतून आलेला, हे वाक्यरचनेवरून पुरते वेगळे करता येत नाही. पत्राची भाषा बातमीत जशीच्या तशी उतरते, हे माझे म्हणणे त्यातून स्पष्ट होत होते.

लंडनला जावे की नाही यावर आमच्यात बराच खल झाला. खरे सांगायचे तर न जाताही प्रबंध पूर्ण झाला असता. पण जॉर्ज थॉमसन या लंडनच्या पुस्तकविक्रेत्याने १६४० ते १६६१ या काळात जे हाती लागेल ते छापील साहित्य गोळा केले, सुमारे २२,००० नग, आणि त्यांतल्या बहुतेकांवर ते मिळाल्याची तारीख हाताने लिहिली. प्रतिमांमध्ये ही टिपणे कधी कधी पुसट दिसतात आणि मला त्यांतील काही पडताळून पाहायची होती. हा संग्रह आणि चार्ल्स बर्नी यांचा वृत्तपत्रसंग्रह, जो १८१८ मध्ये १३,५०० पौंडांना विकत घेतला गेला, दोन्ही आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

उन्हाळी सुट्टीतील प्रवासासाठी तयारी जानेवारी २०२३ पासून केली. अनुदानित महाविद्यालयातील शिक्षकाला परदेशगमनासाठी ना-हरकत लागते. प्राचार्य, संस्था आणि पुढील कार्यालय अशी तीन टप्प्यांची ती वाट आहे आणि प्रत्येक टप्प्यावर पंधरवडा धरून चालावे. अनुदानासाठी केलेला अर्ज नामंजूर झाला, तोही कारण न कळवता. मग सेवकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढले. सहा महिन्यांच्या भेटीच्या व्हिसाचे शुल्क तेव्हा १०० पौंड होते, आणि बोटांचे ठसे पुण्यात देता आले. व्हिसाला तीन आठवडे लागतील असे सांगितले होते आणि जवळजवळ तेवढेच लागले. विमान, सामायिक खोलीतील खाट आणि खाणे मिळून एकूण खर्च दीड लाखाच्या थोडा वर गेला. स्वयंपाकघर असलेल्या वसतिगृहात राहिले म्हणून तो तिथे थांबला. सोबत नेलेले मेतकूट आणि भाजणी रोज उपयोगी पडली.

वाचक-पास विनामूल्य मिळतो. पुढील पद्धत मी गेले तेव्हाची, म्हणजे २०२३ मधली, आहे. आधी ऑनलाइन नोंदणी करायची आणि मग पत्ता व स्वाक्षरी यांचे पुरावे घेऊन प्रत्यक्ष जायचे. पासपोर्ट आणि पत्ता असलेला, बँकेचा शिक्का मारलेला इंग्रजी खातेउतारा मी नेला होता. विषय काय, कोणते नग हवेत आणि ते दुसरीकडे का मिळणार नाहीत, हे थोडक्यात विचारले जाते. नगांचे क्रमांक आधीच लिहून नेले तर हे बोलणे चार वाक्यांत संपते. आत पेन नेता येत नाही, शिसपेन्सिल चालते. सामान पारदर्शक पिशवीत न्यायचे, बाकीचे खाली कपाटात. मागवलेला नग यायला तासाभराहून अधिक वेळ जातो, म्हणून आदल्या रात्रीच मागणी नोंदवावी.

थॉमसनच्या संग्रहातील मूळ प्रती सहसा हातात देत नाहीत, मायक्रोफिल्म दाखवतात, आणि ते रास्तही आहे. तरीही दुर्मिळ ग्रंथांच्या वाचनकक्षात मला काही सुट्या पुस्तिका मूळ स्वरूपात पाहता आल्या. फोमच्या उशीवर पुस्तिका ठेवली, पानांवर मण्यांच्या वजनदार दोऱ्या ठेवल्या, आणि जिच्यातील मजकूर मी अनेक महिने पडद्यावर मोठा करून वाचला होता तशी वस्तू प्रत्यक्षात आठ पानांची, हाताच्या पंजात मावेल इतकी लहान निघाली. कागद इतका पातळ की मागच्या बाजूची शाई पुढे उमटलेली. प्रतिमांतील ज्या डागांना मी विरामचिन्हे समजायचे की नाही या विचारात होते, त्यांतील कित्येकांचा उलगडा तिथेच झाला. एका पेनीला विकली जाणारी ही वस्तू जपून ठेवण्यासाठी कोणी छापलीच नव्हती. त्या दुपारी काम फारसे झाले नाही. नुसती पाने पाहत बसले.

परतल्यावर लेखन सुरू केले. कोरांटोमध्ये पत्राचा उल्लेख बातमीच्या आधी येतो हे अपेक्षित होते. यादवी युद्धाच्या काळात मात्र चित्र पालटते. राजाच्या बाजूने ऑक्सफर्डहून १६४३ पासून निघणारी मर्क्युरियस ऑलिकस आणि पार्लमेंटच्या बाजूने तिला उत्तर देणारी मर्क्युरियस ब्रिटानिकस या वृत्तपुस्तिका एकमेकींची वाक्ये उद्धृत करून खोडतात, आणि 'असे सांगितले जाते' ही रचना खबरदारीऐवजी टोमण्यासाठी वापरली जाऊ लागते. ब्रिटानिकसचा लेखक मार्चमाँट नीडम पुढे राजाच्या बाजूने आणि त्यानंतर प्रजासत्ताकाच्या बाजूने लिहू लागला, त्यामुळे एकाच हाताची भाषा तीन बाजूंनी तपासायला मिळते. हे माझे सर्वांत आवडते प्रकरण आहे आणि परीक्षकांनी त्यातच सर्वाधिक दुरुस्त्या सुचवल्या. गॅझेटमध्ये पुन्हा वेगळे वळण आहे. प्लेगमुळे राजदरबार ऑक्सफर्डला गेला असताना नोव्हेंबर १६६५ मध्ये ते सुरू झाले. त्यातील सूर कोरडा, सरकारी, मतप्रदर्शन टाळणारा आहे. सप्टेंबर १६६६ मध्ये लंडन जळाले तेव्हा त्या अंकातील वृत्तान्ताचा आरंभच असा आहे की आगीच्या दुःखद व शोचनीय अपघाताने या वृत्तपत्राच्या नेहमीच्या क्रमात खंड पडला. आधी वृत्तपत्राची दिरंगाई, मग जळालेले शहर.

साहित्यचौर्य तपासणीचा टप्पा २०२४ च्या उन्हाळ्यात आला. जुन्या मजकुरातील उतारे प्रणालीला इतर ग्रंथांत सापडतात आणि साम्याची टक्केवारी भराभर वाढते. १० टक्क्यांची मर्यादा पाळण्यासाठी उतारे अवतरणचिन्हांत आणि वेगळ्या परिच्छेदांत ठेवावेत, आणि अवतरणे वगळून अहवाल काढण्याची लेखी विनंती तपासणीआधीच द्यावी. अहवाल निघाल्यावर ती ऐकून घेतली जाईलच असे नाही. पूर्वसादरीकरण जुलैमध्ये झाले, प्रबंध सप्टेंबरमध्ये दाखल केला. छपाई व बांधणीला चार-पाच हजार लागले, सादरीकरणाचे शुल्क त्याहून जास्त. लांब एसचे चिन्ह दुकानातील संगणकावर चौकोन होऊन उमटते, म्हणून फाइल पीडीएफ स्वरूपातच न्यावी आणि एक पान आधी छापून पाहावे.

त्यानंतर परीक्षकांच्या अहवालांची वाट पाहणे. पहिला अहवाल डिसेंबरमध्ये आला, दुसरा फेब्रुवारीत. या काळात आपण काही करू शकत नाही हे स्वीकारायला मला वेळ लागला. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दिवसातून कितीदा डोकावत होते ते सांगण्यासारखे नाही. मौखिकी खुली असते. माझे काही विद्यार्थी आणि यजमान मागच्या बाकावर बसले होते. परराज्यातून आलेल्या परीक्षकांनी विचारले की उगम आधी सांगण्याची ही पद्धत इंग्रजीची की डचकडून उसनी घेतलेली. १६४१ नंतरच्या, अनुवाद नसलेल्या पुस्तिकांतही ती टिकते, पण तिचा हेतू बदलतो, एवढे मी तक्त्यावरून दाखवू शकले; त्यांचे पूर्ण समाधान झाले असे वाटले नाही आणि अंतिम प्रतीत त्यावर दोन पाने वाढवायला सांगितले. दुसऱ्या परीक्षकांना 'सेवागी' च्या तारखेत रस होता. त्यांनी वाराचा हिशेब तिथेच फळ्यावर करून दाखवायला लावला. तो करताना हात थोडा थरथरत होता, पण गुरुवार आला.

दुरुस्त प्रत, शोधगंगा या प्रबंधांच्या राष्ट्रीय ऑनलाइन संग्रहात टाकण्यासाठीची पीडीएफ आणि मार्गदर्शकांचे प्रमाणपत्र एप्रिलमध्ये जमा केले. अधिसूचना निघाल्यावर तिच्या साक्षांकित प्रती लगेच काढून ठेवाव्यात, कारण महाविद्यालयातील सेवापुस्तकातील नोंदीसाठी आणि वेतनविषयक प्रस्तावासाठी ती वेगवेगळ्या ठिकाणी मागितली जाते. पदवी प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभात मिळते; तोपर्यंत तात्पुरते हवे असल्यास अर्ज वेगळा आणि शुल्कही वेगळे.